वेंगुर्ल्यात बांधून घेतलेले दोन खंड

वेंगुर्ल्याच्या बाजारातल्या एका झेरॉक्स-बायंडिंगच्या दुकानात बहुतेक लोक आधार कार्डाची प्रत काढायला जातात. मी तिथे अमेरिकेतल्या एका काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा, अख्खा इतिहास दोन खंडांत छापून, बांधून घेतला. काम इतकं चोख झालंय की सविस्तर लिहायलाच हवं.

पुस्तक बार्न्स्टेबल काउंटीचं, १८९० साली न्यूयॉर्कला छापलेलं, हजारेक पानांचं. मॅसॅच्युसेट्समधला केप कॉड हा समुद्रात शिरलेला भाग म्हणजे ही काउंटी. स्वामित्वहक्क कधीच संपलाय, त्यामुळे स्कॅन फुकट मिळतं. माझे वडील शिरोड्याच्या मिठागरात हजेरी आणि हिशेब लिहायचे, म्हणून मला केप कॉडच्या मिठाची माहिती हवी होती. ती गावागावांच्या प्रकरणांत विखुरलेली आहे. मागची-पुढची पानं सारखी ताडून बघायची तर फोनवर जमत नाही, हातात कागदच लागतो.

इतर ठिकाणी सुटी पानं एकावर एक ठेवून पाठीला डिंक फासतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात तो डिंक सुटतो आणि श्रावणापर्यंत पुस्तकाचा गठ्ठा होतो. इथल्या मालकांनी ए-फोर कागदावर दोन-दोन पानं छापली, सोळा पानांचे फर्मे दुमडले आणि प्रत्येक फर्मा दोऱ्याने शिवला. खळीत मोरचूद घातलेला, म्हणजे कसर लागणार नाही. पाठ कापडी. पुस्तक कुठेही उघडा, सपाट बसतं.

सोबत मी काउंटीचा एक जुना नकाशाही दिला होता. कोपरात वाकवलेल्या हातासारखा तो भूभाग. नकाशा हातात घेऊन मालक म्हणाले, "बाईनू, हो शिवणीत गेलो तर मधलो गाव दिसूचो नाय." मग कागदाची पट्टी लावून त्यांनी तो घडीचा बसवला. तो मधला गाव म्हणजे डेनिस, आणि माझं सगळं लक्ष त्याच गावावर होतं!

१७७६ साली, इंग्लंडशी लढाई सुरू असताना बाहेरचं मीठ येईना, तेव्हा डेनिसच्या जॉन सीअर्सने शंभर फूट लांब, दहा फूट रुंद लाकडी हौद बांधला. पहिल्या वर्षी मीठ निघालं जेमतेम आठ बुशेल (बुशेल हे तिकडचं धान्य-मीठ मोजायचं माप). गाव हसलं. दुसऱ्या वर्षी तीस. पुढे सॉमरसेट ही ब्रिटिश युद्धनौका केपच्या किनाऱ्यावर फुटली, तिचा पंप त्याने पाणी उपसायला लावला. १७८५ च्या सुमारास पवनचक्कीवर पाणी चढू लागलं. पहिल्या हौदात नुसतं पाणी आटायचं, दुसऱ्यात चुना तळाला बसायचा, तिसऱ्यात मीठ धरायचं. एका बुशेलला साधारण साडेतीनशे गॅलन समुद्राचं पाणी लागायचं. टप्प्याटप्प्याने पाणी पुढे सोडायची ही रीत आमच्या आगरातल्या माणसाला समजावून सांगावी लागणार नाही.

फरक पावसाचा आहे. शिरोड्याला मिठाचा हंगाम कोरडा. उघड्या वाफ्यात ऊन-वारा काम करतो आणि मिरगाच्या आधी मीठ उचललं की झालं. केप कॉडला पाऊस कोणत्याही महिन्यात येतो. म्हणून तिथे हौदांवर सरकती छपरं होती आणि आभाळ भरून आलं की ती ओढायला बायका-पोरंसुद्धा धावायची. एवढं लाकूड, एवढी माणसं, तरी १८३० च्या दशकात तिथे चारशेच्या वर मिठागरं होती. मग आयात मिठावरची जकात उतरली, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचं मीठ कालव्याने स्वस्त येऊ लागलं आणि धंदा बसला. हौद मोडून फळ्या घरांना लावल्या, तर त्यांतल्या खाऱ्यामुळे खिळे गंजायचे. हे वाचताना मी फार वेळ थांबले. आमच्याकडे खारं पाणी लागलेल्या लाकडाचं काय होतं ते मी लहानपणापासून बघतेय.

त्या काउंटीचं आणखी एक दुखणं आहे. ऑक्टोबर १८२७ मध्ये बार्न्स्टेबलचं कोर्ट जळालं आणि जमिनींच्या दस्तांची जवळजवळ सगळी बुकं गेली. ज्यांच्या घरी मूळ कागद होते त्यांनी ते आणून पुन्हा नोंदवले. ज्यांच्याकडे नव्हते त्यांची नोंद गेली ती गेलीच. म्हणून दुसऱ्या खेपेला मी वडिलांची हिशेबाची वही घेऊन गेले. मालकांनी ती उलगडून मशिनवर दाबली नाही. कॅमेऱ्याने एकेक पान टिपलं, दोन प्रती बांधल्या आणि मूळ वही मलमलीत गुंडाळून परत दिली. शिरोड्याच्या सत्याग्रहाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, पण मिठागरात रोज कोण किती पोती भरायचं, ते अशा वह्यांतच आहे. कोणाच्या माळ्यावर असतील तर पावसाआधी खाली काढा.

उणिवाही सांगते. दोन पानं एका कागदावर आल्यामुळे तळटीपा बारीक झाल्यात, मला भिंग घ्यावं लागतं. रंगीत छपाई फिकी येते. पाठीवर सोनेरी अक्षरं करून मिळत नाहीत, कागदाची चिठ्ठी चिकटवतात. छपाईचा दर मला पानाला सव्वा रुपया पडला. शिवण आणि कापडी बांधणी खंडाला साडेतीनशे. डिंकाच्या बांधणीपेक्षा महाग आहे, पण मी पुन्हा हेच घेईन. जूनमध्ये मात्र जाऊ नका, शाळेच्या गर्दीत त्यांना हातशिलाईला वेळ नसतो. आणि "शिवून द्या" असं आधीच स्पष्ट सांगा, नाहीतर नेहमीची डिंकाची बांधणी हातात पडेल.