9,500 दिले, पावती 6,180 ची

मी लातूरचा गुत्तेदार. बावीस वर्षं घरं बांधतोय, अडाणी नाही. तरी विम्याच्या कोऱ्या प्रपोजल फॉर्मवर सही करून बसलो, कारण एजंट ओळखीचा होता आणि 'भरतो मी, तुम्ही काम बघा' म्हणाला.

फेब्रुवारी 2022. अकरा माणसांच्या कामगार विम्याचे 9,500 रोख मोजले. पॉलिसी व्हॉट्सअॅपवर आली तेव्हा स्लॅब चालू होता, मिक्सर धडधडत होतं. नाव आणि तारीख बघितली. प्रीमियमचा आकडाही दिसला: 6,180. फोन केला, तर म्हणे 'वरचे जीएसटीचे'. अहो, त्या 6,180 मध्ये जीएसटी धरलेलाच होता, खाली स्पष्ट लिहिलं होतं! एक ओळ खाली नजर गेली असती तर 'कामगार 4' आणि 'सब-कॉन्ट्रॅक्टरचे कामगार: नाही' हेही दिसलं असतं. ते पान मी आजही उघडून बघतो आणि स्वतःलाच शिव्या घालतो.

मे महिन्यात दुसऱ्या मजल्यावरून सेंट्रिंगचा एक पोरगा पडला. मणक्याला मार. सेंट्रिंग मी मुकादमाला उक्तं दिलं होतं, सगळेच देतात. विमा कंपनी कामगार न्यायालयात म्हणाली, हा माणूस मुकादमाचा, आमच्या पॉलिसीत नाही. बरं, मग माझाही नाही? तसं नाही. तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या कामगार भरपाई कायद्याचं कलम 12 सांगायचं, काम पोटगुत्तेदाराला दिलं तरी भरपाई आधी मूळ गुत्तेदारानं द्यायची. म्हणजे जबाबदारीला तो माझा, विम्याला परका.

कोर्टाचा हिशोब असा: वय 30, पगार कायद्यातल्या मर्यादेप्रमाणे 15,000. त्याचे 60 टक्के 9,000, गुणिले 207.98 (वयाप्रमाणे कायद्याच्या तक्त्यातला आकडा), त्यातले 40 टक्के, कारण तेवढी कमाईची ताकद गेली. 7,48,728. वर 12 टक्क्यांनी दोन वर्षांचं व्याज 1,79,695. एकूण 9,28,423. दवाखान्याचे 1,12,000 मी आधीच भरले होते. त्या पोराचा राग नाही, त्याला मिळायलाच पाहिजे.

पोलीस स्टेशनला गेलो: 'पैशाचा व्यवहार आहे, दिवाणीत जा.' कंपनीची शाखा: 'वर लिहा.' वर लिहिलं. विमा नियामकाच्या पोर्टलवर तक्रार टाकली, तर 'कंपनीने उत्तर दिले' म्हणून बंद. उत्तर काय, तर तोच नकार! पुण्याच्या विमा लोकपालांकडून कागद परत, कोर्टात गेलेला विषय ते घेत नाहीत. कोर्टात मी गेलो होतो का? मला ओढलं होतं! आणि एजंट? 'सही तुमचीच आहे ना, मालक?'

रोख देऊ नका, कंपनीच्या खात्यावर टाका. पोटगुत्तेदाराची माणसं पॉलिसीत लिहून घ्या, जास्तीचा प्रीमियम पडतो तो पडू द्या. हजेरीवही ठेवा. माझी नव्हती.

आता वसुली महसुलाच्या थकबाकीसारखी होणार, तहसीलची नोटीस आली आहे. कायद्यानं मी ही रक्कम मुकादमाकडून मागू शकतो. तो हडपसरला गेलाय म्हणे. फोन लागत नाही.