तपासलेला पेपर परत हातात देणारी सराव परीक्षा : राजारामपुरीतला अनुभव

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गल्लीत, एका घराच्या वरच्या मजल्यावर दहावीच्या सराव परीक्षा होतात. खाली बोर्ड नाही, जिन्यात गुणवंतांचे फोटो नाहीत. चालवणारं जोडपं तिशीतलं आहे. ती गणित आणि विज्ञान बघते, तो भाषा आणि इतिहास-भूगोल. बॅच २४ मुलांची. त्याहून जास्त पेपर नीट तपासून होत नाहीत, म्हणून नाव कुठं लिहू नका असं त्यांनी मला सांगितलं. तो शब्द मी ठेवते. पण अशी सोय शोधणाऱ्या पालकांना नक्की काय बघून पैसे भरायचे ते कळावं म्हणून हे लिहिते आहे.

मी ३५ वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं, २०१७ साली निवृत्त झाले. नातू यंदा दहावीला आहे, सेमी इंग्रजीला. फी २,८०० रुपये. त्यात नऊ पेपरांचे दोन संच, म्हणजे १८ पेपर. पहिला दिवाळीच्या सुट्टीआधी, दुसरा जानेवारीत. वेळ बोर्डासारखी, सकाळी ११ ची. भाषेला तीन तास, बाकीच्यांना दोन, आणि शेवटी १० मिनिटं जादा. बोर्ड पूर्वी ही १० मिनिटं आधी पेपर वाचायला द्यायचं, २०२३ पासून ती शेवटी देतं. इथंही तसंच, घड्याळ लावून.

इथवरचं सगळं कुठल्याही क्लासमध्ये मिळेल. वेगळं आहे ते पुढं. गणित आणि विज्ञानाचे पेपर पाचव्या दिवशी परत मिळतात. ते वाटून टाकत नाहीत. एकेका मुलाला शेजारच्या खुर्चीवर बसवून दहा मिनिटं त्याचा पेपर त्याच्यासमोर उलगडतात. मग चुकलेली उत्तरं मुलानं घरी त्याच पेपरच्या मागच्या कोऱ्या पानांवर पुन्हा लिहायची, आणून दाखवायची, त्यावर लाल पेनानं दुसरी खूण होते. तेव्हा तो पेपर संपला असं धरतात.

पहिल्या संचात गणित भाग २ ला नातवाला ४० पैकी ३१ मिळाले. पेपर बोर्डाच्या आराखड्याप्रमाणंच होता, पण चार गुणांच्या प्रश्नात त्यांनी पायथागोरसच्या प्रमेयाची पूर्ण सिद्धता विचारली होती. हल्ली सिद्धता बऱ्याचदा ‘कृती पूर्ण करा’ म्हणून येते. सगळ्या पायऱ्या छापलेल्या असतात, मधल्या चौकटी भरायच्या. नातवाला त्याचीच सवय. त्यानं आकृती सुरेख काढली, काटकोनातून कर्णावर लंब टाकला आणि मोठा त्रिकोण आतल्या लहान त्रिकोणाशी समरूप आहे असं सरळ लिहून टाकलं. का समरूप, ते नाही. पुढची सगळी आकडेमोड बरोबर. त्या ओळीखाली लाल शाईत बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं : ‘कुठले दोन कोन? एक काटकोन, दुसरा? कारण लिही.’ दीड गुण कापला होता.

घरी येऊन माझ्याशी वाद घालायला लागला. “आज्जी, उत्तर बरोबर आलंय की! मग कापायचं काय त्यात?”

“दुसरा कोन कुठला रे?”

“कॉमन अँगल. ते दिसतंयच न्हवं.”

“तुला दिसतंय. लिहिलंयस कुठं?”

गप्प झाला. मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मागच्या पानावर सगळी सिद्धता पुन्हा लिहून काढली, प्रत्येक ओळीपुढं कंसात कारण. कॉमन अँगलला आम्ही सामाईक कोन म्हणायचो. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता हे चार मथळे घातल्याशिवाय आमच्या सरांनी कधी प्रमेय तपासलं नाही. नातवाला ते मथळे ठाऊक नव्हते, पण कारण का लागतं ते त्या दीड गुणानं त्याला कळलं. जानेवारीच्या पेपरात चारपैकी चार मिळाले. गुणांपेक्षा मला आनंद झाला तो त्यानं कंस न विसरता घातले याचा.

आमच्या घरात चार पिढ्यांच्या परीक्षा झाल्या आहेत. कुणाचा अवघड आणि कुणाचा सोपा या भांडणात मला पडायचं नाही. मी एकच बघते, चूक मुलापर्यंत परत पोचत होती का.

माझे आजोबा शाळेत गेले ते सक्तीमुळं. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळी एक रुपया शेतकऱ्याला झेपण्यातला नव्हता. माझे वडील, आण्णा, भुदरगडातल्या आमच्या गावातून चालत गारगोटीला जाऊन सातवीची फायनल पास झाले आणि प्राथमिक शिक्षक झाले. दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारा सरकारी अधिकारी, शाळेत आला की पोरांना उभं करून पाढे विचारायचा. आण्णांना औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, शेवटपर्यंत येत होती. साती औटं साडेचोवीस, हे ते बाजारात कांदे घेतानासुद्धा वापरायचे. त्यांच्या शाळेत कागद कमी, पाटी जास्त. पाटीवर गणित चुकलं की गुरुजी तिथल्या तिथं बोट ठेवायचे, पोरगं थुंकीनं पुसायचं आणि पुन्हा मांडायचं. पुसल्यावर काही उरत नाही हा पाटीचा तोटा. पण चूक झाल्यापासून ती दिसेपर्यंत मध्ये दोन मिनिटंही जात नव्हती.

मी दहावीला बसले १९७५ साली. नव्या १०+२+३ आकृतिबंधातली दहावीची पहिली बॅच. त्याच वर्षी जुन्या अभ्यासक्रमाची अकरावीची मुलंही एसएससीला बसली. माझा थोरला भाऊ त्यांत होता. एका घरातून एकाच मार्चमध्ये दोघं एसएससीला, तो जुन्या, मी नव्या. मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत एकाच दिव्याखाली दोन वेगळ्या अभ्यासक्रमांची पुस्तकं. मला ६४ टक्के पडले, फर्स्ट क्लास. भाऊ सेकंड क्लासात आला. पेढे दोघांचे मिळून वाटले. पण आम्ही कुठं चुकलो ते आम्हाला कधीच कळलं नाही. मला संस्कृतमध्ये कमी का पडले याचा विचार मी कितीतरी वर्षं करत होते. शाळेतले सहामाहीचे पेपर मात्र हातात मिळायचे, आणि वर्गात सर एकेकाला नावानं हाक मारून चूक सांगायचे. त्यातलं बरंच आजही लक्षात आहे.

मुलीची दहावी २००३ ची. गुणवत्ता यादीचे दिवस. निकालाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पहिल्या पानावर मुलांचे फोटो. तिला ८४ टक्के मिळाले आणि मराठीत अपेक्षेपेक्षा १५ गुण कमी. तेव्हा गुणपडताळणीचा अर्ज करता यायचा, त्यात बेरीज बरोबर आहे इतकंच कळायचं. ती आज चाळिशीकडं आलीय, तरी विषय निघाला की म्हणते, “आई, मला तो पेपर एकदा बघायचा होता.” आता बोर्ड उत्तरपत्रिकेची छायाप्रत देतं, ही मोठीच सुधारणा. पण ती निकालानंतर, जेव्हा मूल अकरावीच्या प्रवेशाच्या मागं असतं.

मधल्या वर्षांत मी स्वतः वर्गात होते. शिक्षण हक्क कायदा २०१० च्या १ एप्रिलपासून लागू झाला, आठवीपर्यंत कुणाला मागं ठेवायचं नाही असं ठरलं आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कल्पना चांगली होती आणि आजही मी ती चांगलीच म्हणेन : वर्षभर मुलाकडं बघा, एका पेपरावर त्याचं भवितव्य ठरवू नका. पण साठ-पासष्ट मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या म्हणजे आमचा सगळा वेळ रजिस्टरांत गेला. ‘गणिती क्रिया अचूक करतो’, ‘उपक्रमात उत्साहाने भाग घेतो’, अशी तयार वाक्यं एका वहीतून दुसऱ्या वहीत जात राहिली. मीही ती उतरवली, आणि त्याचं मला वाईट वाटतं. नोंद रजिस्टरात गेली, रजिस्टर कपाटात गेलं. भागाकारात हातचा कुठं सुटतो ते ज्या पोराला सांगायला हवं होतं, त्याला सांगायचं राहून गेलं. पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा २०२४ पासून पुन्हा सुरू झाली आहे. ती मुलाला नुसती अडवायला वापरली तर काही साधणार नाही.

दहावीच्या निकालाच्या आकड्यांवरून पिढ्यांची तुलना करणाऱ्यांना मी एवढंच सांगते. २०१८ साली राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० गुण काढले आणि निकाल ७७.१० वर आला. २०२० ला ते गुण परत दिले, निकाल ९५.३०. एका वर्षात मुलं ढ होत नाहीत आणि पुढच्या वर्षी हुशार होत नाहीत. २०२१ ला कोरोनामुळं परीक्षाच झाली नाही, निकाल ९९.९५ टक्के. त्या वर्षी आमच्या शेजारची मुलगी पास झाली. आज पदवीला आहे, हुशार आहे. पण मला एकदा म्हणाली, “काकू, मी बोर्डाचा हॉल बघितला तो थेट बारावीला. हात थरथरत होता.” तिच्या गुणपत्रिकेवर गुण आहेत, त्यामागं पेपर नाही.

आता या सराव परीक्षेच्या उणिवा. त्याही सांगायला हव्यात.

पहिली, आणि माझ्या लेखी सगळ्यांत मोठी, मराठीच्या तपासणीची. प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आल्यापासून ‘स्वमत’ हा प्रश्न असतो. मुलानं स्वतःचा विचार लिहावा म्हणून तो आणला. आमच्या वेळी ‘संदर्भासह स्पष्टीकरण’ असायचं, त्यात पाठांतरावर भागायचं, म्हणून मला हा बदल मनापासून पटतो. पण नातवाचं आणि त्याच्या दोन मित्रांचं स्वमत मी शेजारी ठेवून वाचलं, तर तिघांचं मत एकच, वाक्यंही तीच, शेवट ‘असे मला वाटते’. गाइडमधून उचललेलं. तिघांनाही जवळजवळ पूर्ण गुण, लाल शाईत नुसती बरोबरची खूण. मी जाऊन विचारलं. भाषा बघणारा तो तरुण नम्रपणे म्हणाला, “मॅडम, बोर्डात एवढ्यावर गुण मिळतात. मुलांचं नुकसान कशाला करायचं?” त्याची अडचण मला कळते. पण गणितात कारण नाही म्हणून दीड गुण कापणाऱ्या घरात, मराठीत स्वतःचं मत नाही म्हणून निदान एक ओळ तरी लिहायला हवी. गुण द्या हवे तर, पण शेजारी लिहा : ‘हे तुझं आहे का?’ जानेवारीच्या पेपरांत दोन ठिकाणी तसा शेरा आलेला मी पाहिला. सुरुवात झाली म्हणायची.

दुसरी, इतिहास आणि भूगोलाचे पहिले पेपर दिवाळीत अडकले आणि तब्बल २२ दिवसांनी परत मिळाले. तोवर नातवाला आपण काय लिहिलं होतं तेच आठवेना. नकाशाच्या प्रश्नात एक शहर चुकीच्या जागी दाखवलं होतं, तर म्हणाला, “हे मी केलंय?” असा पेपर परत मिळून काही उपयोग नाही. त्यांनी चूक मान्य केली. दुसऱ्या संचात हे दोन्ही पेपर सहाव्या दिवशी मिळाले.

तिसरी किरकोळ. बेंच नाहीत, खुर्च्या आहेत. मांडीवर पॅड घेऊन तीन तास लिहायचं म्हणजे उंच मुलांची पाठ दुखते. भूमितीच्या पेपराला कंपास फिरवताना कागद सरकतो. रस्त्यावरची वाहनं ऐकू येतात, पण परीक्षा केंद्रावर तरी कुठं शांतता असते.

पैशाचं म्हणाल, तर एका पेपराला साधारण १५५ रुपये पडले. बाजारात तयार प्रश्नपत्रिकांचे संच याच्या कितीतरी कमी पैशांत मिळतात आणि प्रश्नही तेच असतात. इथं आपण पैसे भरतो ते तपासणाऱ्याच्या वेळेचे आणि शेजारच्या त्या खुर्चीचे. ज्यांच्या घरी पेपर बघून देणारं कुणी नाही त्यांनी जरूर पाठवावं. फीला हप्ते आहेत, आणि दोन मुलांकडून त्यांनी फी घेतलेलीच नाही हे मला दुसऱ्या पालकांकडून कळलं. ज्या पालकांना फक्त टक्केवारीचा अंदाज हवा आहे आणि पेपर उघडूनही बघायचा नाही, त्यांनी पैसे वाचवावेत.

नातवाचे १८ च्या १८ पेपर मी बोर्डाच्या पद्धतीनं दोऱ्यानं बांधून ठेवलेत. मुलगी आली तेव्हा तिनं मराठीचा काढला आणि बराच वेळ वाचत बसली.

पुढच्या वर्षीची नावनोंदणी जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावर. जाताना पाठीला टणक पुठ्ठा असलेलं मोठं पॅड न्या आणि भूमितीच्या दिवशी चार क्लिपा.