वीस लिटरची टाकी, एक बेट्टा आणि पाणी बदलण्याचे साहित्य : दिवाळी ते श्रावण, वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीपासून पुण्यातील आमच्या घरी एक नर बेट्टा, म्हणजे दुकानदार ज्याला ‘फायटर’ म्हणून विकतात तो मासा, वीस लिटरच्या काचेच्या टाकीत आहे. हे लिखाण माशाविषयी कमी आणि त्याचे घर स्वच्छ ठेवण्यासाठी जे साहित्य घेतले त्याविषयी अधिक आहे. त्यात स्पंज फिल्टर, तो चालवणारा हवेचा पंप, सायफन (टाकीतील पाणी आणि गाळ ओढून काढणारी नळी), क्लोरीन काढणारे औषध, पाणी तपासण्याचा संच आणि एक साधी बादली आहे. थंडी, उन्हाळा आणि पावसाळ्याचा बराचसा भाग या साहित्यावर काढून झाल्यामुळे आता मत द्यायला हरकत नाही. पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले ते बारीक नळीच्या सायफनचे आणि बादलीचे. बाकीच्यांपैकी काही वस्तू उपयोगी पडल्या, तर काही कपाटात आहेत.

बाउल न घेता टाकी का घेतली, हे आधी सांगायला हवे, कारण सफाईचे निम्मे काम तिथेच ठरते. बेट्टाला कल्ल्यांखेरीज डोक्यात हवा घेण्याचे वेगळे इंद्रिय असते आणि तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेऊ शकतो. या एका गुणावरून ‘याला काही लागत नाही, दोन लिटरच्या बाउलमध्येही आरामात राहतो’ असे काउंटरवरून सांगितले जाते. परंतु लहान भांड्यात त्याला खरा त्रास होतो तो श्वासाचा नव्हे, तर स्वतःच्या उत्सर्गाचा. माशाच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो, उरलेले दाणे कुजून त्यात भर घालतात आणि दोन लिटरमध्ये तो पाहता पाहता घातक पातळीला पोहोचतो. मग दर दोन-तीन दिवसांनी सगळे पाणी ओतून नवे भरावे लागते आणि प्रत्येक वेळी माशाला नवे तापमान व नवे पाणी सोसावे लागते. हा मासा मूळचा थायलंड आणि आसपासच्या प्रदेशातील भातखाचरे, दलदली आणि संथ ओहोळांतला आहे. ते पाणी उथळ असले तरी त्याचा पसारा मोठा असतो आणि त्यात भरपूर वनस्पती असतात, ही गोष्ट बाउल विकणारे सोयीस्करपणे वगळतात.

आमची टाकी 40 सेंटिमीटर लांब, 25 रुंद आणि 25 उंच आहे. ही मापे मुद्दाम देत आहे, कारण त्यांचा एक फायदा रोजच्या वापरात कळला. तळाचे क्षेत्रफळ बरोबर 1000 चौरस सेंटिमीटर होत असल्याने पाण्याची एक सेंटिमीटर उंची म्हणजे एक लिटर. पाणी 20 सेंटिमीटरपर्यंत भरतो. बाहेरून मागच्या काचेवर 20 आणि 14 या उंचींवर चिकटपट्टीच्या बारीक पट्ट्या लावल्या आहेत, त्यामुळे सहा लिटर काढायचे म्हणजे वरच्या पट्टीपासून खालच्या पट्टीपर्यंत. मोजमापाचा प्रश्न संपला आणि घरातील कोणालाही हे काम सांगता येते. नवी टाकी घेणाऱ्यांनी लिटरचा आकडा विचारण्याआधी लांबी आणि रुंदी पाहावी, असे मी सुचवीन. उंच आणि अरुंद टाकी दिसायला ऐटदार असते, पण तळापर्यंत हात पोहोचत नाही आणि हवेसाठी वर ये-जा करणाऱ्या माशालाही ती गैरसोयीची ठरते. वरच्या पट्टीपासून झाकणापर्यंत पाच सेंटिमीटर मोकळी जागा आहे. ती तशीच ठेवावी, कारण माशाला तिथली दमट, कोमट हवा लागते. झाकणही लागतेच, कारण बेट्टा उडी मारतो.

आता सायफनविषयी. बाजारात सहज मिळणारा सायफन म्हणजे एका टोकाला रुंद पारदर्शक नळकांडे, मध्ये रबरी फुगा आणि पुढे लांब नळी. मोठ्या टाकीसाठी तो ठीक आहे. वीस लिटरच्या टाकीत मात्र त्याचा वेग इतका असतो की अर्धा तळ साफ होण्याआधीच सहा लिटर पाणी बादलीत उतरलेले असते. शिवाय आमच्या सायफनचा फुगा उन्हाळा संपता संपता शिवणीवर चिरला आणि हवा ओढू लागला. त्यानंतर हवेच्या पंपाला लावतात ती बारीक, पारदर्शक नळी दोन मीटर घेतली आणि तिच्या एका टोकाला कडक प्लास्टिकची वीतभर नळी बसवली. नळी टाकीच्या पाण्यात पूर्ण बुडवून भरून घ्यायची, बाहेरचे टोक अंगठ्याने दाबून बादलीत न्यायचे आणि अंगठा काढायचा. पाणी बारीक धारेने येत राहते आणि सहा लिटर निघायला दहा मिनिटांच्या आसपास लागतात. हा वेळ वाया जात नाही, कारण तेवढ्यात तळाचा प्रत्येक कोपरा पाहून होतो. कडक टोक खडीत बोटाच्या पेराएवढे खुपसले की तपकिरी गाळाचा लोट नळीतून वर चढताना स्पष्ट दिसतो, आणि लोट निवळला की पुढच्या जागी सरकायचे. झाडांच्या मुळांपाशी मी टोक खुपसत नाही, वरूनच फिरवतो. आमचा मासा कुतूहलाने नळीच्या तोंडाशी येतो. लांब परांचे बेट्टा या कामात जखमी होऊ शकतात, म्हणून नळी बोटांत धरून ठेवावी आणि मासा जवळ आला की चिमटीत दाबून प्रवाह थांबवावा. रुंद नळकांड्याच्या सायफनमध्ये ही सोय नव्हती.

एक सूचना हिवाळ्यासाठी आहे. डिसेंबर-जानेवारीत पुण्यातील घरात टाकीचे पाणी हिटरशिवाय 20–21 अंशांपर्यंत उतरते आणि बेट्टाला 24 ते 28 अंश मानवतात, म्हणून 50 वॅटचा हिटर बसवला आहे. पाणी काढण्याआधी पंधरा मिनिटे त्याचा खटका बंद करावा लागतो. गरम असलेली काचेची नळी पाण्याबाहेर उघडी पडली, तर ती तडकते.

पाणी काढण्यापेक्षा नवे पाणी तयार करणे हे अधिक जबाबदारीचे काम आहे. पालिकेच्या पाण्यात निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीन असतो आणि तो माशाच्या कल्ल्यांना व फिल्टरमधील उपयुक्त जिवाणूंना, दोघांनाही मारक असतो. बादली उघडी ठेवून पाणी दिवसभर मुरवले की क्लोरीन उडून जातो, हा जुना उपाय खरा आहे. मात्र पाण्यात क्लोरॅमिन (क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग) असेल तर तो असा उडत नाही. म्हणून मी दोन्ही करतो. आदल्या रात्री बादली भरून ठेवतो आणि सकाळी औषध घालतो. दुकानात ‘अँटी-क्लोरीन’ या नावाने मिळणारे थेंब बहुधा सोडियम थायोसल्फेटचे असतात आणि साध्या क्लोरीनसाठी पुरेसे असतात. मी काही महिन्यांपासून सीकेम कंपनीचे प्राइम वापरतो. त्याचे प्रमाण 200 लिटरला 5 मिलिलिटर इतके कमी असते, म्हणजे सहा लिटरच्या बादलीला 0.15 मिलिलिटर. बाटलीच्या झाकणाने एवढे मोजणे अशक्य असल्याने औषधाच्या दुकानातून एक मिलिलिटरची सिरिंज आणली आणि तिची सुई टाकून दिली. औषधाला गंधकाचा उग्र वास येतो. ते बिघडल्याचे लक्षण नव्हे, तो त्याचा स्वभावच आहे. औषध न घातलेले पाणी थेट टाकीत ओतणार असाल तर मात्र संपूर्ण टाकीच्या हिशेबाने औषध घालावे लागते.

सोसायटीत राहणाऱ्यांनी गच्चीवरच्या टाकीचा विचार अवश्य करावा. एप्रिल-मेमध्ये दुपारी नळाला येणारे पाणी हाताला चटका देईल इतके गरम असते, ते तसेच टाकीत घालण्याचा प्रश्नच नाही. गच्चीवरील टाकी धुतली जाते त्या आठवड्यात पाण्याला ब्लीचिंगचा वास येतो, म्हणून सफाईची सूचना फलकावर लागली की मी त्याआधीच दोन बादल्या भरून ठेवतो. पावसाळ्यात खडकवासल्याचे पाणी गढूळ येते आणि क्लोरीनचा वासही अधिक जाणवतो. अशा दिवसांत पाणी दोन रात्री ठेवून वरचे निवळलेले तेवढेच घेतो. बोअरचे किंवा टँकरचे पाणी जड असते. ते एकदम बदलून घालू नये, हळूहळू सवय होऊ द्यावी. ‘आरओचे शुद्ध पाणी घाला’ हा सल्ला प्रेमाने दिला जातो, पण त्यातील क्षार बहुतांशी निघून गेलेले असतात, त्यामुळे पीएच (पाण्याच्या आम्ल-अल्कतेचे माप) स्थिर राहत नाही. नुसते आरओचे पाणी वापरू नये.

बादली माशासाठी वेगळी असावी. तिच्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत ‘मासा’ लिहिले आहे आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही तिला साबण लावायचा नाही हे ठाऊक आहे. साबणाचा किंवा फरशी पुसण्याच्या द्रवाचा अंशही टाकीत जाता कामा नये. हात घालण्याआधी ते नुसत्या पाण्याने धुवावेत, सॅनिटायझर लावलेला हात मुळीच नको.

स्पंज फिल्टरबद्दल माझे मत अतिशय चांगले आहे, मात्र त्याच्या देखभालीत लोक नेमके उलटे करतात. या स्पंजचे काम कचरा गाळण्यापुरते नसते. त्याच्या छिद्रांत वाढणारे जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे तुलनेने सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत ही वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. स्पंज नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत धुतला की ती वस्ती क्लोरीनने मरते आणि दिसायला लखलखीत असलेल्या टाकीत अमोनिया चढू लागतो. म्हणून टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत स्पंज चार-पाच वेळा पिळायचा आणि मळकटच परत बसवायचा. हे काम महिन्यातून एकदा, बुडबुडे मंदावल्याचे दिसले की करतो. पंप टाकीच्या पातळीपेक्षा वर ठेवला आहे, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटे उतरून पंपात शिरते. खाली ठेवायचा असेल तर एकमार्गी झडप लावावी. पंपाची घरघर रात्री ऐकू येते. खाली फोमचा तुकडा ठेवल्यावर ती कमी झाली, पण हलकी झोप असणाऱ्यांनी टाकी शयनगृहात ठेवू नये.

तपासणी संचाची किंमत टाकीपेक्षा जास्त होती आणि तो घेताना मनात धाकधूक होती. पहिल्या दोन महिन्यांत त्याचा उपयोग फार झाला. काचेच्या नळीत अमोनियाची चाचणी पिवळी राहते की हिरवट होते, हे पाहूनच पाणी आज बदलायचे की उद्या हे ठरत होते. पीएच 7 वरून 8 वर गेला तर अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो, त्यामुळे दोन्ही आकडे एकत्र वाचावे लागतात. टाकी स्थिरावल्यावर आता नायट्रेट तेवढा अधूनमधून तपासतो. त्याचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. दर आठवड्याला नायट्रेट लिटरमागे 5 मिलिग्रॅमने वाढत असेल आणि दर आठवड्याला 30 टक्के पाणी बदलले, तर पातळी 17 च्या आसपास जाऊन तिथेच थांबते. तेच प्रमाण 10 टक्क्यांवर आणले, तर ती 50 पर्यंत चढते. आमचा सहा लिटरचा नेम या हिशेबातून ठरला आहे. नायट्रेटच्या चाचणीत दुसरी बाटली जोराने हलवल्याशिवाय आकडा खोटाच कमी येतो, हे सूचनापत्रकात लिहिलेले असते आणि कोणी वाचत नाही.

काचेवरचे हिरवे शेवाळ जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने उत्तम निघते. चुंबकाचा घासणारा ब्रश घेतला होता, पण त्यात खडीचा एखादा कण अडकला तर काचेवर कायमचा ओरखडा पडतो, म्हणून तो बाजूला ठेवला. पाण्याच्या रेषेवर साचणाऱ्या पांढऱ्या क्षारांसाठी पाणी कमी केलेले असताना फडक्यावर थोडे व्हिनेगर घेऊन पुसावे आणि नंतर ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. पृष्ठभागावर कधीकधी तेलकट साय धरते. ज्या माशाला तिथूनच श्वास घ्यायचा आहे त्याच्यासाठी ती बरी नव्हे. टिश्यू पेपर पाण्यावर क्षणभर पसरून उचलला की साय त्याला चिकटून येते.

देशी बदामाच्या वाळलेल्या पानाविषयी बरेच सांगितले जाते. रस्त्याकडेचे, स्वतःहून गळलेले, तपकिरी पान धुऊन घातल्यास टॅनिन उतरून पाणी फिक्या चहासारखे होते. मासा त्यात निवांत दिसतो आणि रंगही खुलून दिसतो, म्हणून मी पान ठेवतो. परंतु पान घातले म्हणून पाणी बदलण्यात सवलत मिळत नाही, आणि त्याच्या शिरा उघड्या पडल्या की ते काढून टाकावे. ‘पाणी बदलण्याची गरज नाही’ असे लिहिलेले एक द्रावणही घेऊन पाहिले. नायट्रेटच्या आकड्यात त्याने काहीही फरक पडला नाही. त्यापेक्षा मनी प्लांटच्या दोन फांद्या मुळांसह पाण्यात सोडल्या, त्यांनी नायट्रेट खरोखर खाली आणला आणि त्यांना पैसे पडले नाहीत. दुकानातील बरण्यांत दिसणारे निळे पाणी मिथिलिन ब्लूचे असते. ते औषध आहे, रोजच्या टाकीत घातल्यास फिल्टरचे जिवाणूही मरतात.

काढलेले सहा लिटर पाणी तुळस, मोगरा आणि गॅलरीतल्या कुंड्यांना जाते. नायट्रेटमुळे झाडांना ते चांगले मानवते. उपचारासाठी मीठ घातलेले पाणी मात्र कुंडीत ओतू नये.

आज पुन्हा खरेदी करायची झाल्यास टाकी, स्पंज फिल्टर, पंप, हिटर आणि अँटी-क्लोरीन हेच घेईन. तपासणी संच एकट्याने न घेता दोघा-तिघांत मिळून घेईन, कारण रसायनांची मुदत संपेपर्यंत एका टाकीला ती पुरून उरतात. रुंद सायफन, चुंबकाचा ब्रश आणि द्रावणाची बाटली घेणार नाही. बारीक नळी दोन मीटरऐवजी तीन मीटर घेईन, म्हणजे बादली थेट गॅलरीच्या दारात ठेवता येईल.