मनाउस ते पोर्तो व्हेल्यो: मे महिन्यात बोट, दिवाळीत बस

ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉनमध्ये मनाउसपर्यंत विमानाने पोचता येतं. तिथून दक्षिणेला पोर्तो व्हेल्योला रस्त्याने जायचं की नदीने, यावर घरोघर वाद होतो. नाशिकहून सहकुटुंब जाणारे मुलांच्या सुट्टीतच निघणार, म्हणजे मे नाहीतर दिवाळी. निम्मा निकाल इथेच लागतो.

रस्ता म्हणजे बीआर-३१९, सुमारे ८८५ किलोमीटर. १९७६ मध्ये सुरू झाला आणि १९८८ पर्यंत देखभालीअभावी जवळपास बंद पडला. अजूनही मधल्या चारेकशे किलोमीटरवर डांबर नाही. कोरड्या दिवसांत बस दिवस-दीड दिवसात पोचवते. केसांपासून बॅगेपर्यंत सगळीकडे धूळ. पावसाळ्यात हाच पट्टा चिखल होतो, ट्रक रुततात आणि मागची रांग तिथेच मुक्काम करते. २०२२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तर दोन आठवड्यांच्या आत दोन पूल कोसळले. पंप, गॅरेज, दवाखाना, सगळंच विरळ. आणि गंमत म्हणजे मनाउस सोडतानाच फेरीबोटीने नदी ओलांडावी लागते, म्हणजे रस्त्याने गेलात तरी पाणी चुकत नाही.

बोट आधी अ‍ॅमेझॉनने खाली येते, मग मदेइरा नदीत वळून प्रवाहाविरुद्ध चढते. साधारण चार दिवस धरा. उलट दिशेने कमी लागतात. डेकवर आपला हॅमॉक आपणच बांधायचा. दोर आणि पातळ चादर सोबत ठेवा, रात्री वारा झोंबतो. बंदरावर लवकर जा, नाहीतर इंजिनाशेजारची किंवा संडासाजवळची जागा पदरी पडते. आजी-आजोबा असतील तर सरळ केबिन घ्या, तिथे काटकसर नको. वाटेत मानिकोरेसारख्या गावांत केळीचे घड आणि कोंबड्या चढतात, समोरून सोयाबीनचे बार्ज जातात. मला तरी हा प्रवास जास्त आवडेल.

पण नदीचा भरवसा महिन्यावर. आपण पुराची उंची दुतोंड्या मारुतीवर बघतो, तशी मनाउसच्या बंदरात १९०२ पासून पातळी नोंदवतात. २०२१ मध्ये पाणी ३० मीटरवर गेलं, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये १३ मीटरच्याही खाली आलं. त्याच वर्षी पोर्तो व्हेल्योला मदेइराची पातळी एक मीटरच्या आत होती. अशा वेळी वाळूचे दांडे उघडे पडतात आणि बोटी अडकतात.

म्हणून मे महिन्यात नदी, कारण पाणी भरपूर आणि रस्ता अजून ओला. दिवाळी ऑक्टोबरात आली तर रस्ता. नोव्हेंबरच्या मध्यावर गेली तर पावसाचा अंदाज बघूनच तिकीट काढा. मधला मार्गही आहे: बोटीने उमाइतापर्यंत जायचं आणि तिथून उरलेले दोनेकशे किलोमीटर डांबरी रस्त्याने. लहान मुलं कंटाळणारी असतील तर हाच बरा.

कसेही जा, पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रावर घ्या. ब्राझीलहून परतताना तिचं प्रमाणपत्र नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.