डब्ल्यूपीसी डेकचे दहा महिने, सोलापूरच्या उन्हात

डिसेंबरात आमच्या जुळे सोलापूरच्या घराच्या गच्चीवर डब्ल्यूपीसीचं डेक, म्हणजे लाकूड-प्लॅस्टिकच्या फळ्यांची जमीन, टाकून घेतलं, आता ऑक्टोबर चालू आहे, म्हणजे एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्याच्यावरून गेला. बऱ्याच जणांनी विचारलं कसं आहे कसं आहे, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. दुकानात फळी हातात घेऊन, वाकवून, पाणी ओतून बघितली होती मी, पण खरी भानगड फळीत नसतीच, खाली काय केलंय आणि कडेला किती जागा सोडलीय त्यात असती.

माल साधा आहे, लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक एकत्र करून काढलेली फळी, १४० मिमी रुंद, २५ मिमी जाड, २.९ मीटर लांब. मी भरीव घेतली, पोकळ स्वस्त मिळती पण गच्चीवर बाज, कुंड्या, पोरांच्या उड्या सगळं होतं, त्यामुळं तिथं पैसे वाचवले नाहीत. वाचवले ते वरच्या कोटिंगमध्ये. वरून प्लॅस्टिकचा थर चढवलेली फळी येती ती महाग होती म्हणून बिनथराची घेतली, कॉफी कलर. फिटिंगसकट चौरस फुटाला ३६० च्या आसपास बसलं, १५२ चौरस फूट, म्हणजे ५५ हजार गेले.

मापाचं एक काम मात्र आधी डोकं लावून केलं. फळी साडेनऊ फुटी, तर डेकची रुंदी पण साडेनऊ फूटच धरली, लांबी १६ फूट. मध्ये कुठं जोड नाही आणि तुकडे वाया गेले नाहीत, ३४ फळ्यांत काम झालं.

फिटर आला तो हॅमर मशीन घेऊनच, म्हणला फळ्यांच्या खालचे पाइप स्लॅबला भोकं पाडून फिशरनी (स्क्रूसाठी भोकात ठोकायच्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांनी) पक्के करू. शेजारचे गवंडीमामा कठड्यावरून ओरडले, अहो खाली कोबा आहे, वॉटरप्रूफिंग फोडून घेताय काय! बरं झालं बोलले. जुन्या चायना मोझॅकला एक पण भोक पाडलं नाही, ॲल्युमिनियमचे पाइप रबराच्या तुकड्यांवर ठेवून आडव्या पट्ट्यांनी एकमेकाला बांधले, सगळी चौकट नुसती ठेवलेली आहे. लोखंडी पाइप निम्म्यात पडले असते पण खाली ओल राहती, गंजणारच. मामांनीच दुसरं सांगितलं की पाइप पाण्याच्या उताराच्या दिशेनं टाका, आडवे टाकले तर प्रत्येक पाइप म्हणजे एक बांध होतो आणि पाणी आत तुंबतं. फळ्या पाइपांवर आडव्या बसतात, म्हणजे त्या कुठल्या दिशेनं दिसायला पाहिजेत हे आपण ठरवायचं नसतं, उतार ठरवतो. दोन पाइपमधलं अंतर फिटर दीड फूट म्हणत होता, मी भांडून १४ इंचावर आणलं. ते दीड फूट ठेवलं असतं तर आज फळी झोपाळ्यासारखी हलली असती.

जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, पाहुणे आले, सगळ्यांनी बूट काढून डेकवर फोटो काढले, मी पण जरा कॉलर ताठ करून फिरलो. एप्रिलपर्यंतच हो.

काम झालं थंडीत, सकाळी सकाळी. दोन्ही टोकाला, एकीकडं कठडा आणि दुसरीकडं टाकीचा चौथरा, फिटरनं नखाएवढी फट ठेवली, का तर जास्त फट बरी दिसत नाही. हा माल उन्हात लांबीला वाढतो, २.९ मीटरच्या फळीला डिसेंबरची सकाळ ते एप्रिलची दुपार यात ४-५ मिमीचा फरक सहज पडतो. वाढायला जागाच नाही म्हणल्यावर ती वर येणार. पारा ४२-४३ ला गेला आणि मधल्या आठ-दहा फळ्यांना पोट आलं, फळ्या धरून ठेवणाऱ्या दोन क्लिपा तुटल्या, चालताना पाय अडखळायला लागला. फिटर फोनवर म्हणतो, साहेब पाऊस पडला की बसंल खाली. नाही बसत बे!

आणि क्लिपची गंमत अशी की एका फळीत दुसरी अडकलेली असती, मधली एक काढता येत नाही, कडेपासून उलगडत यावं लागतं. पोट आलेल्या फळ्यांपर्यंत जायला १४ चांगल्या फळ्या उघडल्या. दुसरा सुतार लावून सगळ्या फळ्या टोकाला कापल्या, आता दोन्हीकडं ६-६ मिमी जागा आहे. फळीच्या बरोबर मध्ये एकच स्टेनलेस स्क्रू, म्हणजे ती दोन्ही बाजूला सरकू शकती.

उघडल्यावर खाली जे दिसलं ते बघून आईनं तोंडाला पदर लावला. कडुलिंबाचा पाला, धूळ, कुरडयांचा चुरा, बायकोची हरवलेली एक कुडी, आणि पाणी जायची पन्हाळ गाळानं अर्धी बुजलेली. आपल्याकडं पाणी रोज येत नाही, आलं की टाकी भरायची घाई आणि दर पाळीला ओव्हरफ्लो ठरलेला, ते सगळं डेकखाली जात होतं. पाऊस यायच्या आधी कळलं ते नशीब. आता पन्हाळीजवळच्या चार फळ्या वेगळ्या छोट्या चौकटीवर वरून स्क्रूनी बसवल्यात, झाकणासारखं उचलून खाली झाडू मारता येतो. सप्टेंबरच्या जोरदार पावसात पाणी कुठं थांबलं नाही. हे पहिल्याच दिवशी करून घ्या.

उन्हाबद्दल खरं सांगायचं तर दुपारी १२ ते ५ अनवाणी पाय ठेवायची सोय नाही. पांढरं चायना मोझॅक यापेक्षा बरं होतं असं आई रोज ऐकवती, आणि बरोबरच आहे तिचं, गडद रंग ऊन पितोच. फिका राखाडी घ्यायला पाहिजे होता. रात्री नऊनंतर मात्र निवतं, चादर टाकली की झोप मस्त लागती. खालची खोली कमी तापती असं बायकोचं म्हणणं, मला फॅन पहिल्याइतकाच लागतो.

डागाचं म्हणाल तर शेंगाचटणीचं तेल सांडलं होतं, लगेच साबणाचं पाणी आणि मऊ ब्रशनं गेलं, पण दुसऱ्यांदा रात्रभर राहिलं त्याचा वण अजून आहे. बोअरच्या पाण्यानं धुतलं की पांढरे चट्टे उठतात, शेवटचा हात गोड्या पाण्याचा फिरवावा लागतो. वाळवी नाही, फुगणं नाही, पॉलिश नाही, ते दुकानदार खरं बोलला. रंग पहिल्या तीनेक महिन्यांत कॉफीचा दुधाळ चहा झाला आणि तिथं थांबला.

त्यावरून आठवलं, ३४ लागत होत्या तरी मी ३७ फळ्या घेतल्या होत्या. एप्रिलच्या उघडाउघडीत एक तडकली म्हणून माळ्यावरची कोरी काढून बसवली, तर ती इतकी काळी दिसती की येणारा प्रत्येक माणूस विचारतो हे काय मध्येच. उरलेल्या दोन आता टाकीमागं उन्हात टाकून ठेवल्यात.