सुपरहिरो कॉमिक्सची संकलने: अकरा महिन्यांच्या वाचनानंतर

गेल्या अकरा महिन्यांत मी सुपरहिरो कॉमिक्सची एकूण सव्वीस संकलने (म्हणजे सुटे अंक एकत्र बांधलेली पुस्तके) वाचली आणि त्यांपैकी बहुतेक किमान दोनदा वाचली. पहिल्या वाचनानंतर मत लिहायचे नाही, असे मी सुरुवातीलाच ठरवले होते. या प्रकारात पहिल्या वेळी कथानकाची ओढ इतकी जबर असते की डोळे संवादफुग्यांवरून धावत सुटतात आणि चित्रे नुसती मागे पडत जातात. दुसऱ्या वेळी शेवट माहीत असल्यामुळे घाई नसते. तेव्हा पान कसे रचले आहे, एखादी चौकट मुद्दाम मोठी का केली आहे आणि कुठे शब्द गाळले आहेत, हे दिसू लागते. दुसऱ्या वाचनात जे पुस्तक आधीपेक्षा मोठे वाटले, तेच जवळ ठेवण्याजोगे, या एकाच कसोटीवर पुढची मते बेतलेली आहेत.

नव्या वाचकाची पहिली चूक बहुधा आवडता नायक पाहून पुस्तक निवडण्याची असते आणि मीही तेच केले. सुपरमॅन १९३८ साली आला, बॅटमॅन १९३९ साली, आणि तेव्हापासून असंख्य लेखक-चित्रकारांनी त्यांच्या कथा रचल्या आहेत. त्यामुळे मुखपृष्ठावर 'बॅटमॅन' असे छापलेले असणे म्हणजे आत काय आहे याची काहीच हमी नव्हे. लेखक आणि चित्रकार यांची जोडी कोणती आहे, ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत टिकते का आणि कथेला स्वतःची सुरुवात व शेवट आहे का, हे तीन प्रश्न विचारूनच मी पुढची निवड केली आणि तेव्हापासून निराशा फार क्वचित वाट्याला आली.

बॅटमॅनच्या बाबतीत माझी निवड निःसंशय 'बॅटमॅन: इयर वन' ही आहे. फ्रँक मिलरचे लेखन आणि डेव्हिड मॅझुकेलीची चित्रे असलेली ही कथा १९८७ साली मूळ मालिकेच्या ४०४ ते ४०७ या चार अंकांत आली. नाव बॅटमॅनचे असले तरी ती तितकीच पोलीस अधिकारी जिम गॉर्डनची आहे. पहिल्याच पानांवर दोघे एकाच दिवशी गॉथम शहरात येतात, एक आगगाडीने आणि दुसरा विमानाने, आणि पुढचे वर्षभर एका भ्रष्ट शहरात प्रामाणिक राहण्याची किंमत दोघेही आपापल्या परीने मोजतात. दुसऱ्यांदा वाचताना रिचमंड लुईस यांच्या रंगांनी मला थांबवून धरले. मळकट पिवळा, विटका हिरवा, पहाटेचा राखाडी अशा दबक्या छटांमुळे शहराची घुसमट एकही शब्द न वाचता जाणवते. पुस्तकरूपासाठी हे रंग त्यांनी स्वतः नव्याने केले होते आणि चांगल्या कागदावर ते किती विचारपूर्वक बसवले आहेत हे समजते.

त्याच मिलरचे 'द डार्क नाइट रिटर्न्स' (१९८६) मी आदराने वाचले, परंतु त्याच्याकडे परत जावेसे वाटत नाही. सोळा लहान चौकटींच्या जाळीवर रचलेली पाने आणि अधूनमधून दूरचित्रवाणीच्या पडद्यांचा गलबला ही रचना अभ्यासण्यासारखी आहे. तथापि सूर सतत इतका चढा आहे की दुसऱ्या वाचनात थकवा येतो. ॲलन मूर यांनी लिहिलेल्या 'द किलिंग जोक' या बॅटमॅन-कथेबद्दल (१९८८) मात्र माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे. ब्रायन बोलंडची रेषा अप्रतिम आहे, पण जिम गॉर्डनची मुलगी बार्बरा हिच्यावर होणारा आघात केवळ दोन पुरुषांच्या कथेला धक्का देण्यासाठी वापरला आहे आणि तिला स्वतःला बोलायला जागाच दिलेली नाही. पहिल्या वाचनात हे खटकते आणि दुसऱ्या वाचनात सहन होत नाही.

'वॉचमेन'विषयी लिहिण्याआधी बांधणीविषयी लिहिणे भाग आहे, कारण या पुस्तकाने मला ती शिकवली. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांची ही बारा अंकांची कथा १९८६-८७ मध्ये आली. नऊ चौकटींची शिस्तबद्ध जाळी हा तिचा पाया आहे आणि त्या जाळीतून गिबन्स क्वचितच बाहेर पडतात. पाचवा अंक तर आरशासारखा रचलेला आहे: पहिले पान शेवटच्या पानाशी, दुसरे उपान्त्य पानाशी असे जुळत जाते आणि मधोमध एक जोडपान येते, ज्यात एकच झेपावणारी आकृती दोन्ही पानांवर पसरलेली आहे. माझ्याकडे असलेल्या प्रतीत नेमकी हीच आकृती बांधणीच्या घडीत बुडाली होती. पुस्तक जोर लावून उघडले तरी मधला बोटभर भाग दिसत नव्हता. साऱ्या अंकाचा तोल ज्या चित्रावर उभा आहे, तेच अर्धे झाकलेले होते. पुढे एका वाचनालयातली मोठ्या आकाराची, शिवलेल्या बांधणीची प्रत पाहायला मिळाली, तेव्हा ते जोडपान प्रथमच सपाट उघडले गेले आणि मी पाने मागेपुढे करत, चौकटीला चौकट जुळवत बराच वेळ बसून राहिले. कथा तीच होती, पण अंकाची रचना मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळली.

म्हणून जाड संकलन घेताना पुस्तकाचा कणा अवश्य पाहावा. वरून किंवा खालून पाहिल्यास शिवलेल्या पुस्तकात पानांचे छोटे छोटे गठ्ठे वेगळे दिसतात आणि असे पुस्तक टेबलावर उघडे ठेवले तर आपोआप मिटत नाही. केवळ गोंदाने चिकटवलेल्या जाड पेपरबॅकला मधल्या पानांशी पोचेपर्यंत कण्यावर घड्या पडू लागतात. माझ्याकडच्या अशा एका पुस्तकाची पाने चौथ्या महिन्यातच सुटू लागली, आणि तक्रारीला उत्तर म्हणून पुस्तक काळजीपूर्वक हाताळण्याचा सल्ला मिळाला. हजार-हजार पानांचे ऑम्निबस, म्हणजे एकाच खंडात बांधलेली महासंकलने, कपाटात देखणे दिसतात, पण हातात धरून वाचता येत नाहीत; त्यांना टेबल लागते. चारशे-पाचशे पानांचे संकलन हे वाचनासाठी मला सर्वांत सोयीचे वाटले.

या अकरा महिन्यांत मला सर्वाधिक समाधान देणारे पुस्तक 'ऑल-स्टार सुपरमॅन' हे आहे. ग्रँट मॉरिसन यांचे लेखन, फ्रँक क्वाइटली यांची चित्रे आणि जेमी ग्रँट यांचे रंग असलेले हे बारा अंक २००५ ते २००८ या काळात आले. सूर्याची ऊर्जा अंगात अतोनात साठल्यामुळे सुपरमॅनच्या पेशी मरू लागतात, आपल्याकडे थोडेच दिवस उरले आहेत हे त्याला कळते आणि तो ते दिवस कसे घालवतो, एवढीच ही कथा आहे. दहाव्या अंकातले एक पान मी किती वेळा पाहिले याची मोजदाद नाही. उंच इमारतीच्या कठड्यावर एक मुलगी उडी मारण्याच्या बेताने उभी आहे. सुपरमॅन तिच्या मागे येऊन उभा राहतो, तिचे डॉक्टर खरोखरच अडकून पडले होते असे तिला सांगतो, ती स्वतःला समजते त्याहून कितीतरी खंबीर आहे असा धीर देतो आणि तिला जवळ घेतो. खलनायक नाही, हाणामारी नाही, आणि सारे एका पानात संपते. त्या अंकात त्याला इतरही प्रचंड कामे उरकायची आहेत. तरीही मरणाच्या वाटेवर असलेला माणूस एका अनोळखी मुलीसाठी थांबतो, हे पहिल्या वाचनात माझ्या नजरेतून जवळजवळ निसटले होते. सुपरमॅन कंटाळवाणा आहे असे मानणाऱ्या प्रत्येकाने हे पुस्तक वाचावे, असे मला मनापासून वाटते.

जुन्या काळच्या अंकांकडे वळताना वाचनाचा वेग बदलावा लागतो. १९६० च्या दशकातले अंक महिन्याला एक असे वाचले जाणार हे गृहीत धरून लिहिले गेले, त्यामुळे मागची हकिगत पुन्हा पुन्हा सांगितली जाते आणि पात्रे स्वतःच्या कृतीचे वर्णन स्वतःच करतात. सलग दहा अंक वाचले तर हे जाचते. रोज एक वाचला तर मुळीच नाही. स्टीव्ह डिटको यांनी रेखाटलेले 'स्पायडर-मॅन'चे अंक (पहिल्यापासून अडतिसाव्यापर्यंत) असे सावकाश वाचल्यामुळे १९६६ सालच्या तेहतिसाव्या अंकापाशी मी खरोखर श्वास रोखून पोचले. पीटर, म्हणजेच स्पायडर-मॅन, अवजड यंत्राखाली अडकला आहे, छतातून पाणी गळते आहे आणि आजारी मे काकूचे औषध हाताच्या थोडेसेच पलीकडे पडले आहे. तो जसजसा जोर लावतो तसतशा चौकटी मोठ्या होत जातात आणि अखेर यंत्र उचलले जाते तेव्हा जवळजवळ सारे पान त्या एका चित्राला दिलेले आहे. एक तक्रार मात्र आहे: खरबरीत, शाई शोषणाऱ्या कागदासाठी ठरवलेले सपाट रंग गुळगुळीत पांढऱ्या कागदावर छापले की भडक दिसतात. अशा अंकांसाठी चकाकी नसलेल्या कागदाची आवृत्ती मिळत असेल तर तीच घ्यावी.

स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांच्या 'फॅन्टॅस्टिक फोर'मधली गॅलॅक्टस या ग्रह गिळणाऱ्या महाकाय प्राण्याची कथा ४८ ते ५० या तीन अंकांची म्हणून सांगितली जाते, परंतु प्रत्यक्षात ती अठ्ठेचाळिसाव्या अंकाच्या मध्यावर सुरू होते आणि पन्नासाव्याच्या मध्यावर संपते. आधीच्या अर्ध्यात वेगळ्याच कथेचा शेवट आहे, नंतरच्या अर्ध्यात पात्रांचे रोजचे जगणे पुन्हा सुरू होते. तेवढेच तीन अंक वेगळे काढून वाचले तर गोंधळ उडतो. मोठ्या संकलनाच्या ओघात वाचले तर कळते की पृथ्वीवरचे संकट टळल्यानंतर चौघांतला तरुण जॉनी स्टॉर्म नव्या महाविद्यालयात जातो, आणि हेच या मालिकेचे मोठेपण आहे. त्यानंतर लगेच कर्ट ब्युसेक व ॲलेक्स रॉस यांचे 'मार्व्हल्स' (१९९४) वाचावे, असा माझा आग्रह आहे. त्याच्या चार अंकांपैकी तिसऱ्यात हीच घटना फिल शेल्डन नावाच्या वृत्तछायाचित्रकाराच्या नजरेतून, रस्त्यावरून वर पाहताना दिसते. कर्बींच्या पानांवर आपण नायकांसोबत छतावर असतो आणि इथे, काय चालले आहे हे न कळणाऱ्या घाबरलेल्या गर्दीत. रॉस यांचेच 'किंगडम कम' (१९९६) रंगकामात तितकेच भव्य आहे, पण त्यातल्या असंख्य पात्रांची आधी ओळख नसेल तर निम्मा आनंद हुकतो. 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्‌स'बाबत तर ही अडचण इतकी मोठी आहे की जॉर्ज पेरेझ यांच्या चित्रांवरचे सारे प्रेम असूनही मी ते सुरुवातीला वाचण्याचा सल्ला देणार नाही.

अलीकडच्या काळातील पुस्तकांत मॅट फ्रॅक्शन आणि डेव्हिड अहा यांचे 'हॉकआय' (२०१२ ते २०१५) मी सर्वप्रथम सुचवेन. त्यातला अकरावा अंक एका कुत्र्याच्या नजरेतून सांगितला आहे. माणसांचे बोलणे तुटकपणे कळते आणि वासांच्या खुणांचे नकाशे पानभर पसरलेले आहेत. एकोणिसाव्या अंकात खुणांच्या भाषेतले संवाद भाषांतराविना, केवळ हातांच्या चित्रांतून येतात. हे अंक मी आधी फोनवर एकेक चौकट मोठी करून दाखवणाऱ्या पद्धतीने वाचले आणि मला काहीच उमगले नाही, कारण इथे अर्थ सबंध पानाच्या मांडणीत आहे. फोनवर वाचायचेच असेल तर पूर्ण पान दिसेल असे वाचावे.

टॉम किंग आणि गॅब्रिएल हर्नांडेझ वॉल्टा यांचे 'द व्हिजन' बारा अंकांत पूर्ण होते आणि एका शांत वस्तीत राहू पाहणाऱ्या कृत्रिम कुटुंबाची ती शोकांतिका विलक्षण संयमाने लिहिलेली आहे. घरातल्या वाढत्या मुलांना द्यायचे असेल तर जी. विलो विल्सन आणि एड्रियन अल्फोना यांचे 'मिस मार्व्हल' (२०१४) द्यावे. नायिका कमला खानचे घर, तिचे आईवडील आणि तिची घालमेल खरी वाटते.

'एक्स-मेन'मधील डार्क फीनिक्सची कथा १२९ ते १३८ या अंकांची म्हणून वेगळी मिळते, पण या चमूतली जीन ग्रे १९७६ सालच्या १०१ व्या अंकात अफाट शक्तीची फीनिक्स बनते, तेव्हापासून तिची साथ केलेली नसेल तर १३७ व्या अंकातला शेवट केवळ घटना म्हणून वाचला जातो. म्हणून मी १९७५ च्या पहिल्या विशेषांकापासून सुरुवात केली. क्रिस क्लेअरमाँट यांनी पुढे सोळा वर्षे ही मालिका लिहिली. त्यांचे लेखन शब्दबहुल आहे, परंतु जॉन बर्न यांच्या चित्रांसोबत ते शब्द भार न वाटता पात्रांच्या सहवासासारखे वाटू लागतात. सध्या मी १९८३ च्या अंकांपाशी आहे. तिथे चित्रे पॉल स्मिथ यांची आहेत, रेषा मोजक्या आणि स्वच्छ आहेत, आणि चमूतल्या किटी प्राइड या मुलीचा चेहरा इतका बोलका आहे की काही पानांवर मी मजकूर वाचण्याआधी नुसती चित्रे पाहून घेते आणि मगच पहिल्या चौकटीकडे परत येते.