अहिराणी शब्दसंग्रहासाठी फील्डवर्क्स: शोध आणि फिल्टर यांचे परीक्षण

गेली दोन वर्षे मी धुळे आणि शिरपूर परिसरातील अहिराणी शब्द ‘फील्डवर्क्स लँग्वेज एक्सप्लोरर’ या संगणक-प्रणालीत नोंदवत आहे. एसआयएल या संस्थेची ही प्रणाली विनामूल्य असून विंडोज आणि लिनक्स या दोन्हींवर चालते. शब्दकोश, मजकूर, व्याकरण असे तिचे अनेक विभाग आहेत. परंतु नोंदी हजाराच्या पुढे गेल्यावर मला खरा आधार मिळाला तो शोध आणि फिल्टर या सोयींचा, म्हणून हे परीक्षण त्यांच्यापुरतेच ठेवतो.

साध्या शोधाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. अक्षरे टाइप होऊ लागली की जुळणाऱ्या नोंदी खाली दिसू लागतात. अर्थावरूनही शब्द सापडतो; ‘मुलगी’ लिहिले की ‘आंडेर’ समोर येते. अहिराणी आणि मराठी या दोन्ही देवनागरीतच लिहिल्या जात असल्या तरी प्रणाली त्यांच्या लेखनव्यवस्था वेगळ्या धरते, एवढे मात्र शोधताना ध्यानात ठेवावे लागते.

फिल्टरची, म्हणजे ठरवलेल्या अटीत बसणाऱ्या नोंदीच यादीत ठेवणाऱ्या सोयीची, गोष्ट निराळी आहे. यादीतील प्रत्येक रकान्याच्या वर त्याची चौकट असते आणि हवी ती अक्षरे शब्दाच्या आरंभी, शेवटी की कुठेही असावीत, हे तिथे ठरवता येते. प्रमाण मराठीतील ‘ळ’च्या जागी अहिराणीत बहुधा ‘य’ येतो: डोळ्याचा डोया होतो, पोळीची पोयी, ‘कळला’चा कयना. आमच्या संग्रहात काही विद्यार्थ्यांनी कानाने ऐकले तसे ‘य’ लिहिले होते, तर काहींच्या हातून शाळेच्या सवयीने ‘ळ’ उतरला होता. ‘रेग्युलर एक्सप्रेशन’चा, म्हणजे अक्षरांचा नमुना देऊन शोधण्याचा, पर्याय निवडून चौकोनी कंसात ही दोन्ही अक्षरे एकत्र लिहिल्यावर दोन्ही प्रकारच्या नोंदी एकाच यादीत आल्या, आणि दोन संध्याकाळींत आम्ही त्या तपासून एकसारख्या केल्या. ‘पोऱ्या’ या शब्दाने मात्र अधिक वेळ घेतला, कारण त्यातला ‘ऱ्या’ दोन पद्धतींनी टाइप करता येतो. डोळ्यांना तो सारखाच दिसतो, पण संगणकाच्या लेखी त्यामागची चिन्हे वेगळी असतात. टंकलेखनाची पद्धत पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावी, असे मी नव्याने संग्रह करणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगेन.

माझ्या मते सर्वांत मोलाचा पर्याय ‘ब्लँक्स’ हा आहे. तो फक्त रिकाम्या जागा असलेल्या नोंदी दाखवतो. आम्ही ‘गाव’ नावाचा स्वतंत्र रकाना जोडून घेतला होता, कारण ‘आहे’ला एका गावी ‘शे’ म्हणतात आणि दुसऱ्या गावी ‘से’, आणि कोणाच्या तोंडचा शब्द कुठला हे न लिहिल्यास ती नोंद अर्धीच राहते. त्या रकान्यावर ‘ब्लँक्स’ लावल्यावर जी यादी उभी राहिली ती पाहून मन खट्टू झाले, पण पुढच्या उन्हाळ्यात कोणाकडे परत जायचे हेही तिनेच ठरवून दिले. दोन रकान्यांवर एकदम फिल्टर लावल्यास दोन्ही अटी पुऱ्या करणाऱ्या नोंदीच उरतात, हे मात्र विसरू नये. फिल्टर चालू असल्याची पिवळी खूण पडद्याच्या तळाशी दिसते. तिच्याकडे लक्ष नसेल तर शब्द हरवले असे वाटून जीव घाबरा होतो.

शब्दाच्या शेवटच्या अक्षराकडून क्रम लावण्याची सोयही आवर्जून वापरावी. ‘उठना’, ‘बसना’, ‘लागना’ अशी भूतकाळी रूपे तिच्यामुळे एकाखाली एक आली आणि व्याकरणाच्या टिपणाला आपोआप सुरुवात झाली.

जे रिकामे आहे ते फिल्टर दाखवते, पण जे उथळ आहे ते त्याला दिसत नाही. ‘दादर’ या शब्दापुढे आम्ही केवळ ‘ज्वारी’ असा अर्थ लिहून ठेवला होता. दादर ही खानदेशातील रब्बीची ज्वारी, कोणतीही ज्वारी म्हणजे दादर नव्हे, हे एका आजीबाईंनी यादी वाचून घेताना लगेच सांगितले. त्यानंतर दर महिन्याला आम्ही धान्य, स्वयंपाक, नाती असा एकेक अर्थगट फिल्टरने वेगळा काढून त्याची यादी छापतो आणि ओसरीवर बसून ती मोठ्याने वाचून दाखवतो.